पहिला भारतीय संत कोण? मिसळीची पैज आणि एक वसईकर

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात कॅथलिक चर्चने जाहीर केलेल्या पहिल्या भारतीय संत म्हणून सिस्टर अल्फोन्सा यांचं नाव आणि २००८ साल छापलंय. माझा वसईचा रूममेट म्हणतो साफ चूक, पहिला संत आमचा गोन्सालो गार्सिया. वाद पैजेवर गेलाय, मिसळ कोणी द्यायची तेवढं सांगा. (एक वाचक, पुणे)

उत्तर : मिसळ तुम्हीच द्या. अल्फोन्सा केरळच्या, त्यांना पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १२ ऑक्टोबर २००८ ला संत जाहीर केलं हे खरं, पण त्या पहिल्या भारतीय *महिला* संत. तो 'महिला' शब्द बातम्यांमध्ये गळाला आणि तसाच गाईडांमध्ये उतरला असणार असा माझा अंदाज. गोन्सालोंना संतपद मिळालं ८ जून १८६२ ला, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं आधी.

आता हा माणूस कोण ते ऐका, कारण गोष्ट भन्नाट आहे. जन्म वसईचा, १५५६-५७ च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती (चिमाजी आप्पांनी ती घेतली १७३९ ला, म्हणजे अजून बराच काळ जायचा होता). किल्ल्यातल्या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादरांकडे शिकला आणि पंधरा-सोळाचा असताना त्यांच्याबरोबर थेट जपानला गेला. तिथे फादर लोकांना मदत करता करता जपानी अशी शिकला की लोक ऐकत बसायचे. जेझुइट व्हायचं होतं पण ते काही जमलं नाही, मग पठ्ठ्याने सरळ व्यापार सुरू केला आणि त्यात चांगला जम बसवला. आणि मग एक दिवस तेही सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन, म्हणजे दुसऱ्या एका कॅथलिक संघाचा, झाला. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वळण हे आहे, शेवट नाही. नको म्हटल्यावर धंद्यात रमलेला माणूस सहसा परत त्या दाराशी जात नाही.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने हिदेयोशीकडे, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या सर्वेसर्वाकडे, दूत म्हणून फादर पेद्रो बाउतिस्ताला पाठवलं आणि दुभाषा म्हणून बरोबर कोण, तर आपला वसईकर. हिदेयोशीने राहायची परवानगी दिली, यांनी क्योतोला चर्च काढलं, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला, तीनेक वर्षं बरी गेली. मग १५९६ ला सान फेलिपे नावाचं मालाने गच्च भरलेलं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, माल जप्त झाला, आणि म्हणतात की जहाजावरच्या कोणीतरी फुशारकी मारली की आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागून फौज. हिदेयोशी आधीच संशयी, त्यात हे. पकडा म्हणाला.

एकूण २६ जण. सहा फ्रान्सिस्कन, त्यात चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आपला, बाकीचे वीस जपानी, त्यात बारा-तेरा वर्षांची पोरंसुद्धा. क्योतोत पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गावातून धिंड काढली आणि मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत महिनाभर चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर क्रुसांना बांधून भाल्यांनी मारलं. खिळे नव्हते, दोऱ्या आणि लोखंडी कड्या होत्या. आज तिथे स्मारक आहे, २६ ब्राँझच्या आकृत्या ओळीत उभ्या, नागासाकीला गेलात तर त्यातला वसईवाला शोधा.

एवढं असून तो आपल्या पुस्तकात का नाही? एक तर बाप पोर्तुगीज, त्यामुळे आपल्याकडच्यांना तो 'त्यांचा' वाटला. दुसरं, त्याचं नाव कायम '२६ हुतात्मे' या गठ्ठ्यात येतं. वसईत मात्र गास गावी त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे, तिकडच्या पोरांना हे सांगावं लागत नाही.

प्रश्न : मग ते वसईचे पहिले फादर म्हणायचे का? (एक वाचक, विरार)

उत्तर : फादर नाही, ब्रदर. मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) करायचा अधिकार त्यांना नव्हता.

प्रश्न : ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की गौतम बुद्ध ख्रिस्ती संत आहेत. काहीही ना? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मीही आधी डिलीटच करणार होतो, पण याच्यात बरंच तथ्य आहे. मध्ययुगात युरोपभर बार्लाम आणि जोसाफात यांची कथा लोक आवडीने वाचायचे. हिंदुस्थानातला एक राजपुत्र, ज्योतिषांचं भाकीत खरं होऊ नये म्हणून बापाने महालात कोंडलेला, तो बाहेर पडतो, रोगी आणि म्हातारा माणूस बघतो, मरण काय ते त्याला कळतं, बार्लाम नावाचा साधू भेटतो आणि पोरगा राज्य सोडून निघतो. ओळखीचं वाटतंय ना? फरक इतकाच की तो ख्रिस्ती होतो. नाव बघा कसं घरंगळत गेलं : बोधिसत्त्व, अरबीत बुदासफ, मग नुक्त्याच्या (अरबी अक्षराच्या टिंबाच्या) गडबडीत युदासफ, जॉर्जियन भाषेत योदासाफ, ग्रीकमध्ये योआसाफ आणि लॅटिनमध्ये जोसाफात. सोळाव्या शतकात रोमच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबरला हे दोघं चढले. म्हणजे कोणी बसून बुद्धांना संत केलं नाही, गोष्ट फिरत फिरत गेली आणि मूळ नायक कोण हेच लोक विसरले.

यात बोरिवलीचाही संबंध आहे बरं का. गोव्यात राहणारा पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो याने बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांबद्दल साष्टीतल्या (आजची मुंबईची उपनगरं आहेत त्या बेटावरच्या) लोकांकडून ऐकून लिहून ठेवलंय की ही लेणी संत जोसाफातच्या बापाने पोराला जगापासून लांब ठेवायला खोदून घेतली.