'बोनलेस विंग्ज'मध्ये पंख कोठे आहे?

प्रश्न : 'बोनलेस विंग्ज' (शब्दशः 'बिनहाडाचे पंख') या कोंबडीच्या पदार्थाच्या नावाविरुद्ध अमेरिकेतील एका नगरपरिषदेत कोणी तक्रार केल्याचे ऐकले. ही निव्वळ थट्टा होती काय? आणि मेनूकार्डावर छापलेले नाव उपाहारगृहाला कितपत बांधून ठेवते?

— एक वाचक

उत्तर : थट्टा होतीच, पण मुद्दा बिनतोड होता. नेब्रास्का राज्यातील लिंकन शहराच्या नगरपरिषदेपुढे ऑगस्ट २०२० च्या अखेरीस एक तरुण उभा राहिला आणि शहरातील उपाहारगृहांनी 'बोनलेस विंग्ज' हे नाव टाकून द्यावे, अशी मागणी त्याने चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता केली. या पदार्थातला एकही तुकडा कोंबडीच्या पंखाचा नसतो, हे त्याचे मुख्य म्हणणे. पर्यायी नावेही तो तयार ठेवूनच आला होता. सभागृहात हशा पिकला, आणि वक्ता आपलाच मुलगा असल्याची नोंद करून घेण्याची पाळी एका सदस्यावर आली. (कोणत्याही बापाची अडचण व्हावी असाच तो प्रसंग.)

वस्तुस्थितीपुरते बोलायचे तर तरुणाचे म्हणणे खरे आहे. हा पदार्थ साधारणतः कोंबडीच्या छातीचे मांस कापून, त्यावर पिठाचे आवरण चढवून, तळून आणि मग पंखांना लावतात तोच सॉस चोळून केला जातो. पंखाशी त्याचे नाते सॉसपुरतेच.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ओहायो राज्यात २०१६ मध्ये एका ग्राहकाने हेच 'बोनलेस विंग्ज' मागवले. खाताना घास चुकीच्या मार्गाने गेल्यासारखे त्याला वाटले, पुढे ताप भरला, आणि अखेर डॉक्टरांना त्याच्या घशात सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीचे हाड सापडले. त्याने अन्ननलिका फाडली होती. ग्राहकाने दावा लावला. जुलै २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने तो फेटाळला. 'बोनलेस' हे पाककृतीचे वर्णन आहे, हाड नसल्याची हमी नव्हे, आणि 'चिकन फिंगर्स' मागवणारा माणूस जसा त्यात बोटे आहेत असे समजत नाही, तसेच हेही आहे, असे बहुमताने म्हटले. कोंबडीला हाडे असतात हे सर्वांना ठाऊक असल्याने खाणाऱ्याने सावध राहावे, हाही त्यामागचा विचार होता.

ही तुलना आम्हांला पटत नाही. 'फिंगर्स' हा शब्द आकार सांगतो आणि त्याने कोणी फसत नाही. 'बोनलेस' हा शब्द मात्र एक गुण सांगतो, आणि लहान मुलाच्या ताटात तो पदार्थ वाढणारी आई त्याच शब्दावर भिस्त ठेवते. अल्पमतातील न्यायमूर्तींनीही मुलांना हा पदार्थ भरवणाऱ्या पालकांचे उदाहरण दिले आणि ग्राहकाची अपेक्षा वाजवी होती की नाही, हे ज्यूरीवर सोपवावे असे मत नोंदवले.

थोडक्यात, नाव दोन शब्दांचे आहे. लिंकनच्या तरुणाने दुसऱ्या शब्दावर बोट ठेवले, ओहायोच्या ग्राहकाने पहिल्यावर. आणि मेनूकार्डावर दोन्ही शब्द अजून जागच्या जागी आहेत.