डॉक्टरताईंना विचारा : पोरगा ताट घेऊन जिन्यात बसतोय

या महिन्यात नेहमीचे प्रश्न आहेतच, उंची वाढत नाही, पिंपल्स जात नाहीत, पाळी अनियमित, ते सगळे पुढच्या अंकात घेते. पण मुलाला मुलगा नाहीतर मुलीला मुलगी आवडणं, मुलाचं चालणं-बोलणं मुलीसारखं असणं, या एकाच विषयावरची चार पत्रं आठ-दहा दिवसांत आली म्हणून आज तेवढीच. खुणा थोड्या बदलल्यात, कारण आपल्याकडं नुसती गल्ली सांगितली तरी घर कळतं.

मॅडम, आम्ही तासगाव भागातले, द्राक्षबाग आहे. थोरला मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. दिवाळीत त्याच्या मोबाईलवर एका मुलाबरोबरचे मेसेज ह्यांनी वाचले, प्रेमाचे होते. ह्यांनी मारलं, मोबाईल काढून घेतला, तेव्हापासून बोलत नाहीत. तो ताट घेऊन जिन्यात बसून जेवतो. सासूबाई म्हणतात यल्लम्माचं असेल, सौंदत्तीला जाऊन येऊ. ह्यांच्या मित्रानं एक डॉक्टर सांगितलाय, हार्मोनची इंजेक्शनं देऊन सहा महिन्यांत बरं करतो म्हणे. माझं काय चुकलं? लहानपणी मी त्याला फ्रॉक घालून फोटो काढला होता.

ताई, आधी फ्रॉकचं मिटवू. तसला फोटो घरोघरी आहे, माझ्या सख्ख्या भावाचा आहे, काजळ, पावडर, डोक्याला रिबीन, आणि भाऊ आज दोन पोरांचा बाप होऊन मिशा पिळत फिरतोय. फ्रॉकनं, आईच्या लाडानं, बापाच्या धाकानं, मोबाईलनं कुणाला कोण आवडावं हे ठरत नसतं. तुमचं काही चुकलेलं नाही, त्याचंही नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतनं काढली, आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार नव्हे, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं सज्ञान माणसांचे आपखुशीचे संबंध, त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातनं बाहेर काढले.

आता ते इंजेक्शन. तिकडं पाऊल टाकू नका. अशा मुलांचे हार्मोन इतर पोरांसारखेच असतात, बाहेरनं टेस्टोस्टेरॉन टोचलं तर फार तर इच्छा वाढते, ती कुणाबद्दल वाटते ते काही बदलत नाही, आणि वाढीच्या वयात हाडांची टोकं वेळेआधी मिटून उंची खुंटायची भीती, पिंपल्स, चिडचिड हे वेगळंच. शॉक, हिप्नॉटिझम, अमुक महिन्यांचं पॅकेज, सगळी त्यातलीच भावंडं. मद्रास हायकोर्टाच्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असले ‘बदलवायचे’ उपचार ही डॉक्टरची गैरवर्तणूक ठरवलीय, म्हणजे तक्रार झाली तर त्याच्या प्रॅक्टिसवर येऊ शकतं. तुमच्या मिस्टरांना हे एवढं वाचून दाखवा. बायकोचं ऐकायला जड जातं पण छापलेलं ऐकतात बरेचदा.

सासूबाईंवर मी चिडत नाही, त्यांनी जे बघितलंय त्यातनं त्या बोलतायत. आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात पोरगा जरा नाजूक वाटला की देवीचं आहे म्हणून जोगत्या करून सोडायची रीत होती, शाळा सुटायची, घर सुटायचं, पुढं जोगव्यावर पोट. त्यात दोन गोष्टींची गल्लत पण व्हायची, आपल्याला कोण आवडतं हे एक, आणि आपण आतनं स्वतःला पुरुष समजतो की बाई हे दुसरं. तुमच्या पत्रात तरी पहिलंच दिसतंय. देवदर्शनाला जायचं तर जा, पण बरं करायला म्हणून नको, आणि कुणी भगत भूत उतरवतो म्हणून पोराला मारायला-चटके द्यायला लागला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे, साताऱ्याच्या दाभोलकरांनी आयुष्य घातलं त्यापायी.

पण ताई तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते जिन्यातलं ताट. सॅन फ्रान्सिस्कोत केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तरुणांचा अभ्यास केला, २००९ मध्ये छापून आला. ज्यांना वयात येताना घरच्यांनी खूप झिडकारलं होतं त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केलाय असं सांगणारे, घरनं फारसं न झिडकारलेल्यांपेक्षा आठ पटींहून जास्त होते, आणि तीव्र डिप्रेशन जवळपास सहा पट. पोरं तिकडची आहेत, मान्य, पण बापानं बोलणं टाकलं की इथल्या पोरालाही तेवढंच लागतं.

म्हणून आज रात्री एक करा, तुमचं ताट घ्या आणि जिन्यात त्याच्या शेजारी जाऊन बसा. काही विचारू नका, मेसेजचा विषय नको, भाकरी हवी का विचारा, कालवण वाढा, त्यानं मान वर केली नाही तरी चालेल. चार दिवस असं झालं की पाचव्या दिवशी तोच काहीतरी बोलेल, बहुतेक फालतूच, क्रिकेटचं नाहीतर क्लासचं, ते नीट ऐका. मिस्टरांना लगेच मिठी मारायला सांगू नका, जमणार नाही, बागेत औषध मारायला जाताना नुसतं “येतोस का” म्हणाले तरी पुष्कळ झालं. मोबाईल परत द्या. तो दुसरा मुलगा त्याच्याच वयाचा आहे ना, एवढं मात्र शांतपणे विचारून घ्या, कारण पंचवीस-तिशीचा बाप्या असेल तर प्रकरण वेगळं, अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा मुलग्यांनाही लागू आहे आणि तिथं आपलं पोरगं गुन्हेगार नसतं. काका-मामांना, पाहुण्यांत काही बोलू नका, ते सांगायचं की नाही हा त्याचा हक्क. आणि एकविसावं लागलं की लग्न लावू, मग सुधारतोय, हा विचार कुणी काढला तर तिथल्या तिथं मोडा, कुणाच्यातरी लेकीचं वाटोळं होतं त्यात.

आणखी एक, हे आजच करा. द्राक्षाची औषधं घरातच असतात ना, पडवीत नाहीतर जिन्याखाली? कुलपात घाला, किल्ली तुमच्या कमरेला. मी घाबरवत नाहीये, आपल्या भागात मी फार बघितलंय, क्षणाचा राग असतो आणि डबा हाताशी असतो. झोप उडाली, आवडत्या वस्तू वाटायला लागला, “मी नसलो की सुटाल तुम्ही” असं काही बोलला तर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का रे, असं विचारल्यानं डोक्यात खूळ भरत नाही, उलट पोरं मोकळी होतात. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेलिमानस नंबर, फुकट, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. मुंबईत ‘स्वीकार’ म्हणून अशा मुलांच्या आई-बापांचाच ग्रुप आहे, २०२३ मध्ये चारशेच्या वर पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, आमच्या लेकरांनाही लग्नाचा हक्क द्या म्हणून. कोर्टानं तो दिला नाही, पण चारशे आई-बाप सह्या करतात हे तुमच्या मिस्टरांना कळू दे.

मी इस्लामपूरजवळच्या एका हायस्कूलवर शिक्षक आहे. नववीतला एक मुलगा, चालणं-बोलणं मुलींसारखं, पोरं त्याला बायल्या, छक्का म्हणतात. हजेरी कमी झालीय. त्याला जरा मर्दासारखं वागायला शिकवावं की घरच्यांना बोलावून सांगावं?

सर, दोन्ही नको. चालण्यावरनं कुणी गे आहे, ट्रान्स आहे की काहीच नाही हे तुम्हालाही कळत नाही आणि मलाही नाही, तो फक्त तसा चालतो एवढंच खरं. घरी सांगितलंत आणि घरचा बाप वरच्या पत्रातल्यासारखा निघाला तर? शाळेत त्रास होतोय म्हणून बोलवायचं असेल तर मुलाला विचारून बोलवा, आणि विषय त्रास देणाऱ्या पोरांचा काढा, त्याच्या चालीचा नको.

माझीच एक चूक सांगते. पंधराएक वर्षं झाली असतील, विश्रामबागेत नवीनच दवाखाना होता, एक आई आठवीतल्या पोराला घेऊन सारखी यायची, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखतंय. मी तपासण्या केल्या, अँटिबायोटिक दिलं, पाणी जास्त पी म्हणून सांगितलं, महिन्यानं परत तेच. चौथ्यांदा आला तेव्हा आई बाहेर औषधं घ्यायला गेली होती आणि मी सहज विचारलं, शाळेत पाणी पितोस का रे? तर म्हणाला नाही, पाणी प्यायलं की मुतारीत जायला लागतं आणि तिथं पोरं चड्डी ओढतात, तू आहेस तरी कोण बघू म्हणतात. साडेदहा ते पाच पोरगं कोरडं बसत होतं आणि मी आपली गोळ्या लिहीत होते.

तेव्हा सर, मधल्या सुट्टीत मुतारीच्या बाहेर उभे राहा, नाहीतर त्याला शिक्षकांची किंवा कुलूप लागणारी जागा वापरू द्या, गाजावाजा न करता. पी.टी.च्या तासाला टीम पाडताना पोरांवर सोडू नका, तो शेवटी उरतो. वर्गात तो शब्द कानावर आला की तिथंच थांबवा, आणि हसू येत असलं तरी स्वतः हसू नका, पोरं आधी सरांच्या तोंडाकडं बघतात. सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयासाठी मैत्री क्लिनिकची सोय असते, २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली, आधी चौकशी करून जा, पाटी असते पण समुपदेशक त्याच वारी असेलच असं नाही.

मिरजेचे एक वाचक : हे सगळं परदेशी खूळ आहे. असले विषय छापाल तर मासिक घरात ठेवायची सोय राहणार नाही.

काका, र. धों. कर्वे १९२७ पासून त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या याहून अवघड प्रश्नांना मराठीतच उत्तरं देत होते, त्यांनाही लोक हेच म्हणायचे, वर कोर्टात खेचायचे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समलैंगिकांसाठी समपथिक ट्रस्ट २००२ मध्येच काढली. आणि जोगते काय विमानानं आले होते का? पान दुमडून ठेवा, बाकीचं मासिक वाचा.

ताई, मी विट्याची, बारावीला, सतरा पूर्ण. मला माझी मैत्रीण आवडते, म्हणजे तशी. घरी कळलं तर शिक्षण बंद करून लग्न लावतील, चुलतबहिणीचं तसंच केलं. न सांगता राहिले की खोटारडी वाटते. फिजिक्समध्ये पण लक्ष लागत नाही. सांगून टाकू का?

बाळा, न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तुझ्या पत्रातच उत्तर आहे बघ, घरी कळलं तर काय होईल हे तुला माहितीय, मग आत्ता नको. परीक्षा, अॅडमिशन, होस्टेल, स्वतःचे चार पैसे, यातलं काहीतरी हातात येऊ दे, सांगायला आयुष्य पडलंय आणि काहीजणी घरी कधीच सांगत नाहीत, त्यांचंही बरं चाललेलं असतं. पण कुणालाच न सांगणं पण वाईट, आत कुजतं ते. एक मोठं माणूस शोध, मावशी, कॉलेजच्या मॅडम, आधी दुसऱ्याच कुणाचीतरी बातमी म्हणून विषय काढून त्यांचं तोंड कसं होतं ते बघ, मग ठरव. कोणी नसेल तर १४४१६ आहेच. अठराच्या आत जबरदस्तीनं लग्न ठरवायला लागले तर १०९८.

डायरीत लिहून उशीखाली ठेवू नकोस, आपल्याकडं आया उशी झटकतातच. डेटिंग अॅपवर खोटं वय टाकून जाऊ नकोस, तिथं गोड बोलून फोटो मागतात आणि नंतर घरी पाठवू म्हणून पैसे उकळतात, असं आधीच झालं असेल तर पैसे देऊ नकोस, मेसेज पुसू नकोस, आधी त्या मोठ्या माणसाला सांग.

आणि मैत्रीण. तिला सांगायचं की नाही हे तिच्या पोटात गोष्ट राहते का यावर आहे, ते तुलाच माहिती. ती नाही म्हणू शकते, तेव्हा रडू येईल, कुणालाही येतं. फिजिक्सचं मात्र माझ्याकडं औषध नाही, बारावीला मी स्वतः त्यात काठावर सुटले होते.