सेकंडहँड फोन घेताय? उन्हात नेऊन बघा

निकाल लागले, ॲडमिशन सुरू झाल्या की आमच्याकडे फोनचे प्रश्न यायला लागतात, दरवर्षीचंच आहे. पण या वेळी बऱ्याच जणांना नवा नकोय, वापरलेला चालेल म्हणतात, फक्त कोणी टोपी घालू नये एवढंच. म्हणून अख्खा कॉलम त्याच्यावरच.

प्रश्न : मुलगा बारावी झाला, आता इंजिनिअरिंगला ऐरोलीला जाणार. फोनसाठी १५ ते १८ हजार काढलेत. नवीन अँड्रॉइड घेऊन देते म्हटलं तर तोंड फुगवून बसलाय, त्याला सेकंडहँड आयफोनच पाहिजे, म्हणतो दोन्ही एकाच किमतीत येतात. आणि आमच्या ह्यांचं म्हणणं, दुसऱ्याने वापरलेली वस्तू घरात नको. मी कोणाचं ऐकू? (एक आई, कळवा)

ताई, आधी मिस्टरांचं बघू. रिसेलचा फ्लॅट घेताना आपण काही बोलत नाही, मग फोननेच काय घोडं मारलंय? वापरलेला फोन घेण्यात कमीपणा काहीच नाही.

मुलाचं म्हणणं मात्र अर्धंच खरं. किंमत सारखी असेल पण पुढे किती दिवस चालणार ते सारखं नसतं ना. मी जुना फोन बघताना एकच हिशेब करतो, कंपनीचे सिक्युरिटी अपडेट याला अजून किती वर्षं मिळणार ते काढायचं आणि किमतीला त्या वर्षांनी भागायचं. समजा १८ हजारांचा जुना फोन आहे आणि अपडेट उरलेत दोन वर्षांचे, तर तो वर्षाला ९ हजारला पडला, बॅटरी बदलावी लागली तर ते वेगळेच. शेजारी १६ हजारांचा कोरा फोन आहे ज्याचे चार वर्षं अपडेट बाकी आहेत, तो वर्षाला ४ हजारला. हे गणित मुलालाच कागदावर करायला सांगा, इंजिनिअर होणारे ना तो.

आता यात भलेभले गंडतात ते असं, की ही वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही विकत घेतला तेव्हापासून नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२१ घ्या, जानेवारी २०२१ चा फोन, सिक्युरिटी अपडेट पाच वर्षांचे, म्हणजे "फ्लॅगशिप आहे हो, कॅमेरा तरी बघा" म्हणत कोणी तो गळ्यात मारायला आला तर त्याची मुदत २०२६ च्या सुरवातीलाच संपते हे लक्षात ठेवा. उलट एस२४ (जानेवारी २०२४) आणि गूगलचा पिक्सेल ८ (ऑक्टोबर २०२३) यांना सात-सात वर्षं दिलीयत, ते २०३०-३१ पर्यंत जातील, सेकंडहँड घ्यायची खरी मजा असल्या फोनांत. आयफोनचं म्हणाल तर २०१८ चे एक्सआर आणि एक्सएस आयओएस २६ ला (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टिम) वगळले गेले आणि २०१९ चा आयफोन ११ तेवढा वाचला. तुमच्या बजेटमधे बसणारे आयफोन बरेचदा अशा काठावरचेच असतात आणि मुलाचं कॉलेज तर चार वर्षं चालणार.

एवढं होऊनही हट्ट सुटला नाही तर घ्या बापडे, पण बघून घ्या. बॅटरी हेल्थचा आकडा सगळेच बघतात, पण नुसता बघून उपयोग नाही, त्यावर विचार करा. ॲपलच्या हिशेबाने आयफोन १४ पर्यंतची बॅटरी ५०० फुल सायकलनंतर (एक सायकल म्हणजे १००% चार्ज वापरून होणं) ८०% वर येते, १५ पासून तेच १००० सायकल. मग चार वर्षं रोज वापरलेल्या फोनवर ९८% दिसलं तर आनंद कसला होतो, डोक्यात प्रश्न आला पाहिजे. एकतर बॅटरी बदललीय, त्यात वाईट काही नाही फक्त कुठली टाकली ते विचारा, नाहीतर आकडाच बदललाय, बाजारात तेही करून मिळतं. म्हणून सेटिंग्ज, जनरल, अबाउट मधे जा, पार्ट बदलले असतील तर पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी तिथे दिसते आणि "अननोन पार्ट" असं आलं तर ओरिजिनल पार्ट गेला असं समजून किंमत पाडा. तिथेच मॉडेल नंबर असतो, त्याचं पहिलं अक्षर एम असेल तर फोन नवा म्हणून विकलेला, एफ असेल तर रिफर्बिश्ड म्हणजे दुरुस्त करून परत विकलेला, एन असेल तर कंपनीने बदलून दिलेला. आणि "अमेरिकेहून भावाने आणला" असा १४ किंवा पुढचा कोणी दाखवला तर त्यात सिम घालायला खाचच नसते, सगळं ई-सिमवर.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी वाशीच्या एका दुकानातून मी एक जुना अँड्रॉइड उचलला, एकदम टकाटक, ओरखडासुद्धा नाही. घरी आलो, दुपारी गॅलरीत जाऊन कॉल लावायला गेलो तर स्क्रीनवर ढिम्म काही दिसेना, कॉम्बो (डिस्प्ले आणि टच एकत्र येतो तो पार्ट) लोकल टाकलेला होता आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते कळायला मार्ग नव्हता. परत गेलो तर म्हणे, साहेब चेकिंग वॉरंटी होती, दुकानाची पायरी उतरलात की संपली. तेव्हापासून मी फोन हातात घेतला की आधी रस्त्यावर उन्हात येतो, दुकानदार हसतो, हसू दे.

बाकी बघायचं ते हे, पांढरा फोटो फुल ब्राइटनेसवर लावून कडेला पिवळे डाग किंवा कीबोर्डची सावली उमटलीय का ते, स्वतःचं सिम टाकून एक कॉल कानाला आणि एक स्पीकरवर, कानाला लावल्यावर स्क्रीन काळी होते का, चार्जर लावून दहा मिनिटं थांबायचं आणि फोन तापतो का बघायचं, वायफाय, हॉटस्पॉट, मागचा पुढचा कॅमेरा, फिंगरप्रिंट, व्हिडिओ काढून आवाज ऐकायचा, आणि अँड्रॉइड असेल तर चालू होताना बूटलोडर अनलॉक असल्याची, म्हणजे फोनच्या मूळ सिस्टिमचं कुलूप उघडलेलं असल्याची, वॉर्निंग येते का ते नीट बघायचं, आली तर सोडून द्या, बँकेची ॲप असल्या फोनवर कधी रुसतील सांगता येत नाही. याला अर्धा तास लागतो. दुकानदार घाई करायला लागला तर सरळ म्हणा, कुंजविहारला वडापाव खाऊन येतो, तोवर चार्जिंगला राहू दे.

सगळ्यात शेवटी अकाउंटचं, आणि इथे अजिबात भीड धरू नका. विकणाऱ्याने तुमच्या समोर आपलं गूगल नाहीतर ॲपल अकाउंट काढायचं, फोन रिसेट करायचा आणि तुम्ही तिथेच बसून आपल्या अकाउंटने होम स्क्रीनपर्यंत पोचायचं, मगच पैसे. नाहीतर अँड्रॉइडमधे रिसेटनंतर जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो (हे ५.१ पासून म्हणजे २०१५ पासून आहे) आणि आयफोनमधे तर ॲक्टिव्हेशन लॉक २०१३ पासूनच आहे. हप्त्यावर घेतलेले काही फोनही असेच असतात, ईएमआय थकला की फायनान्सवाल्याचं ॲप फोन लॉक करतं. हप्ते फिटल्याचा कागद मागा, कागद नाही तर फोन नाही.

प्रश्न : मी कोपरखैरणेला राहतो, सेकंड इयरला आहे. दीड महिन्यापूर्वी ठाणे स्टेशनच्या स्कायवॉकवर एकाकडून चांगला फोन ६ हजारला घेतला, बिल बॉक्स नव्हतं, तो म्हणाला गावाला जायचंय अर्जंट आहे. परवा अचानक नेटवर्क गेलं, दुसरं सिम टाकलं तरी तेच. मित्र म्हणतो एक जण आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) बदलून देतो ५०० रुपयात. देऊ का?

नको रे बाबा. अजिबात नको.

झालंय काय ते सांगतो. दोन्ही सिमवर नेटवर्क जाणं म्हणजे बहुतेक मूळ मालकाने तक्रार करून फोन ब्लॉक केलाय, आणि ब्लॉक झालेला फोन भारतातल्या कुठल्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही, सिम बदलून काय होणार. खात्री करून घे. *#०६# डायल केलं की १५ आकडी आयएमईआय येतो, मग केवायएम अशी तीन इंग्रजी अक्षरं, एक स्पेस आणि तो नंबर असा मेसेज १४४२२ ला पाठव, किंवा सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघ, हे मे २०२३ पासून चालू आहे. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट असं उत्तर आलं तर काय ते समजलास. (हाच मेसेज तू स्कायवॉकवर उभा असताना केला असतास तर ६ हजार वाचले असते, असो, आता बोलून काय.)

आयएमईआय बदलणं हा २०२३ च्या टेलिकॉम कायद्याने मोठा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आज तू फसलेला आहेस, तो ५०० रुपयांचा उद्योग केलास की तूच आरोपी. तसंच तो फोन कोणाला विकायचा किंवा पार्टसाठी द्यायचाही नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून ठेवला तर न्याय संहितेचं कलम ३१७ आहे, आणि आता तुला कारण आहे.

घरच्यांना सांग, लपवू नकोस. वडील किंवा काका कोणीतरी मोठं माणूस बरोबर घे, ओळखीत वकील असेल तर आधी त्यांच्याशी बोल, आणि फोन घेऊन पोलीस स्टेशनला जा. पैसे यूपीआयने दिले असशील तर त्याचा स्क्रीनशॉट, विकणाऱ्याचा नंबर, चॅट सगळं ने, तोच तुझा पुरावा. कॅश दिली असशील तर जरा अवघड, पण तरी स्वतःहून गेलेलं बरं. फोन मूळ मालकाला जाणार हे धरून चाल, आणि ६ हजार परत मिळतीलच असं मी तुला खोटं सांगणार नाही.

पुढच्या वेळी बिल नसेल तर साध्या कागदावर लिहून घे, आयएमईआय, किंमत, तारीख, विकणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची झेरॉक्स. जो माणूस सही करायला कचरतो त्याच्याकडून घ्यायचंच नाही.

प्रश्न : जुना फोन ऑनलाइन विकायला टाकला तर पाच मिनिटात फोन आला, "मी आर्मीत आहे, घासाघीस नको, तुम्ही सांगाल ती किंमत, क्यूआर पाठवतो स्कॅन करा पैसे येतील." खरं असेल का? आणि फोनमधले फोटो, बँकेचं वगैरे कसं काढायचं? (ऐरोली)

खरं नाही. घासाघीस न करणारा गिऱ्हाईक ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, मी अजून बघितलेला नाही. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर मुळीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की तुमचेच जातात. गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तासभर विचार करत बसू नका. आणि फोन दाखवायचा तर गर्दीच्या ठिकाणी, स्टेशनबाहेर किंवा मॉलमधे, घरी बोलवायचं नाही.

फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सॲपचा बॅकअप, मग यूपीआय ॲपमधून अकाउंट काढणं, ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर नेणं, मग गूगल अकाउंट रिमूव्ह आणि मग रिसेट, याच क्रमाने करा. हल्लीच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद असतो त्यामुळे रिसेट पुरतो. मेमरी कार्ड मात्र काढून घ्या, लोक तेच विसरतात आणि आधारचे फोटो नेमके त्यातच असतात.

प्रश्न : वय ७२, नौपाड्यात राहतो. नातवाचा सहा वर्षं जुना फोन घरात पडून आहे, तो मी वापरू का? व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल आणि बँकेचं काम एवढंच असतं.

काका, व्हॉट्सॲप आणि व्हिडिओ कॉलला खुशाल वापरा, बँकेला नको. सेटिंगमधे सिक्युरिटी पॅचची (शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची) तारीख बघायला नातवाला सांगा, ती वर्ष-दोन वर्षांपूर्वीची निघाली तर त्या फोनवर पेन्शनचं खातं उघडायचं नाही. तुमच्या कामाला दहा-बारा हजारांचा नवा फोन बास आहे, गोखले रोडवर दुकानं आहेत, बिल आणि वॉरंटी मिळेल आणि काही बिघडलं तर चालत जाता येईल. फक्त दुकानातून निघायच्या आधी तिथल्या पोराकडून अक्षरं मोठी करून घ्या, घरी आलं की नातू काही हाताला लागत नाही.