मुंबईत वकिली करून परदेशातल्या न्यायव्यवस्था सुधारणा प्रकल्पांत जाता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किल्ला कोर्ट आणि माझगाव कोर्टात चार वर्षं फौजदारी वकिली झाली, आता परदेशातल्या ‘रूल ऑफ लॉ’, म्हणजे कायद्याचं राज्य बळकट करण्याच्या, प्रकल्पांत काम करायचं आहे. त्यासाठी कर्ज काढून बाहेर एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करावं का, आणि तिथलं रोजचं काम नेमकं काय असतं?

आधी कामाबद्दल सांगते, कारण एलएल.एम.चा निर्णय त्यावरच ठरतो.

प्रकल्पात तीन पक्ष असतात. पैसे देणारा डोनर, यजमान देशाचं न्यायालय किंवा कायदा मंत्रालय, आणि मधली राबवणारी संस्था. यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम), रोमची आयडीएलओ (आंतरराष्ट्रीय विकास कायदा संघटना), व्हिएन्नाची यूएनओडीसी (संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय) या राबवणाऱ्या बाजूच्या. मुदत साधारण तीन ते पाच वर्षं, त्यातले पहिले काही महिने नुसते परिस्थिती समजून घेण्यात आणि आराखडा दुरुस्त करण्यात जातात. तुम्ही तिथे कोर्टात उभे राहत नाही. एखाद्या चालू प्रकरणाबद्दल न्यायाधीशाकडे साधी चौकशीही करायची नाही. तसं झालं तर परदेशी माणूस न्यायदानात ढवळाढवळ करतोय असा बोभाटा होतो आणि सगळा प्रकल्प अडचणीत येतो. दिवस जातो तो बैठकांत, टीओआर (कामाची व्याप्ती ठरवणारा कागद) लिहिण्यात, रजिस्टरं तपासण्यात आणि आकड्यांत.

आकड्यांवर मी मुद्दाम थांबते, कारण बहुतेक वकील इथेच कमी पडतात. दोन सूत्रं पक्की हवीत. निपटारा दर म्हणजे वर्षात निकाली निघालेली प्रकरणं भागिले त्याच वर्षी दाखल झालेली, गुणिले १००. निपटाऱ्याचे दिवस म्हणजे वर्षअखेरीस प्रलंबित असलेली प्रकरणं भागिले वर्षात निकाली निघालेली, गुणिले ३६५. समजा एका कोर्टात वर्षाला १२,००० प्रकरणं दाखल झाली, १०,८०० निकाली निघाली आणि १८,००० उरली. दर ९० टक्के, दिवस सुमारे ६०८. युरोपातल्या ‘सेपेज’ या आयोगाने हीच मापं रूढ केली आणि आता ती बऱ्याच प्रकल्पांत दिसतात. पण सूत्र फक्त दुखणं कुठे आहे ते दाखवतं. कारण कळण्यासाठी फाइल उघडावी लागते.

याचा सराव मुंबईत बसून फुकट होतो. चेक न वटल्याची, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची प्रकरणं घ्या. कायद्याने ती दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं कलम १४३ सांगतं, म्हणजे तुलनेला मापदंड तयारच आहे. नॅशनल ज्युडिशिअल डेटा ग्रिडवर तुमच्या कोर्टाचे प्रलंबित आकडे वयानुसार मिळतात, ई-कोर्ट्सवर एकेका प्रकरणाच्या सगळ्या तारखा दिसतात. निकाली यादीतलं दर दहावं असं करत १०० प्रकरणं निवडा. सलग पहिली १०० घेऊ नका, एकाच बोर्डावरची (एका दिवसाच्या सुनावणी यादीतली) किंवा लोकअदालतीत एका दिवसात मिटलेली एकगठ्ठा येतात. तक्त्यात दाखल तारीख, समन्सचा आदेश, प्रत्यक्ष बजावणी, आरोपीची पहिली हजेरी, पुरावा, निकाल असे रकाने करा आणि प्रत्येक तहकुबीपुढे रोजनाम्यातलं (कोर्टाच्या तारीखवार नोंदीतलं) कारण लिहा. शिवाय तीन वर्षांहून जुनी ५० प्रलंबित प्रकरणं वेगळी घ्या, कारण अडकून पडलेली प्रकरणं निकाली यादीत सापडतच नाहीत. दुसऱ्या कोर्टात वर्ग झालेलं प्रकरण ‘निकाली’ धरलंत तर आकडा फुगेल, ते बाजूला काढा.

एवढं केल्यावर वेळ कुठल्या टप्प्यावर जातो ते दिसायला लागतं. समन्स बजावणीत जात असेल तर न्यायाधीशांना प्रशिक्षण देऊन काहीच हलणार नाही. पत्ते, पोलीस ठाण्याकडचा पाठपुरावा, दिवाणी बाजूला नाझर आणि बेलिफ या समन्स बजावणाऱ्या कोर्ट कर्मचाऱ्यांची व्यवस्था सुधारावी लागेल. प्रकल्पाचं निदान म्हणतात ते हेच. असा आठ पानांचा अहवाल हातात असणारा उमेदवार मला नुसत्या परदेशी पदवीवाल्यापेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो. आशिलांची नावं मात्र त्यात येता कामा नयेत.

आता चुकतं कुठे ते. लॉगफ्रेममध्ये, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं आणि मापं मांडणाऱ्या तक्त्यात, ‘इतक्या न्यायाधीशांना प्रशिक्षण’ असा निर्देशांक टाकणं सोपं, म्हणून तोच टाकला जातो. वर्षभरात त्यांची बदली होते आणि शिकलेलं ज्या कोर्टासाठी होतं तिथे उरत नाही. निकालांच्या संख्येवर बक्षीस ठेवलं की सोपी प्रकरणं आधी उरकली जातात आणि जुनी आणखी जुनी होतात. रजिस्टरातल्या नोंदी न तपासता संगणकीकरण केलं तर चुका तशाच पडद्यावर येतात. सर्व्हर, इन्व्हर्टर, टोनर यांचा खर्च डोनर गेल्यावर कोर्टाच्या वार्षिक अंदाजपत्रकात नसेल, तर प्रणाली बंद पडते. हा खर्च कुणाच्या खात्यावर, हे पहिल्याच वर्षी लेखी ठरवून घ्यावं.

दुसऱ्या देशाचा नमुना उचलण्याबद्दल विशेष सावध राहा. बांगलादेशात २००६ च्या कायद्याने ग्राम न्यायालयं आहेत. युनियन परिषदेचा (तिथल्या ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्थेचा) अध्यक्ष आणि दोन्ही पक्षांचे प्रत्येकी दोन अशी पाच माणसं बसतात, वकिलाला प्रवेश नाही. युरोपीय संघ आणि यूएनडीपी यांनी ती चालती करायला अनेक वर्षं मदत केली. आपल्या २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा न्यायाधिकारी बसतो. नावं सारखी, रचना पूर्ण वेगळी. एकाचे धडे दुसऱ्याला थेट लागू पडत नाहीत. आणि वेळ लागतोच. जपानच्या मदतीने कंबोडियाच्या दिवाणी संहितेचं काम १९९९ मध्ये सुरू झालं, संहिता २००७ मध्ये मंजूर झाली आणि लागू झाली २०११ मध्ये. एवढा धीर मला योग्य वाटतो.

तुमच्याकडे एक भांडवल आहे. भारतात १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहिता आणि नवा पुरावा कायदा आला, पण बांगलादेशात १८६० ची दंडसंहिता, १८७२ चा पुरावा कायदा, १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता हीच मूळ चौकट आहे. पूर्व आफ्रिकेतल्या पुरावा कायद्यांवरही भारतीय कायद्याची छाप आहे. म्हणून ढाका, नैरोबी, कंपाला, दार एस सलाम इथल्या प्रकल्पांकडे आधी बघा. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंचभाषक देशांत फ्रेंचशिवाय आणि तिमोर-लेस्तेत पोर्तुगीजशिवाय कोर्टाची कागदपत्रंच वाचता येणार नाहीत.

एलएल.एम.चं म्हणाल तर आत्ता कर्ज काढू नका. संयुक्त राष्ट्रांच्या व्यावसायिक (‘पी’) श्रेणीत पी-२ पदाला पदव्युत्तर पदवीसह दोन वर्षं, पी-३ ला पाच, पी-४ ला सात वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर नसेल तर बहुधा दोन वर्षं जास्तीची चालतात. हा अनुभव विषयाशी जुळणारा लागतो, आणि नुसते जामीन अर्ज चालवलेले असतील तर छाननीत तो तोकडा पडतो. त्यापेक्षा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर या, किंवा आर्थर रोड तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांबरोबर काम करणाऱ्या संस्थेला आठवड्याचे दोन दिवस द्या. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प या क्षेत्रात १९९० पासून आहे. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ४७९ खाली सुटकेस पात्र कैद्यांची यादी कशी होते आणि कुठे अडते, हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला कच्च्या कैद्यांच्या कुठल्याही प्रकल्पात बोलता येतं. पदवी हवीच असेल तर मुंबई विद्यापीठातून काम सांभाळून करा, किंवा पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच बाहेर जा.

पैशाचा अंदाजही आज वेगळा बांधावा लागतो. या क्षेत्रातला मोठा डोनर यूएसएड, म्हणजे अमेरिकेची परदेशी मदत संस्था, २०२५ मध्ये गुंडाळला गेला. १ जुलै २०२५ पासून उरलेलं काम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे गेलं. त्यामुळे पंधरा-वीस वर्षं अनुभवाचे सल्लागार बाजारात मोकळे आहेत आणि ‘की एक्स्पर्ट’च्या (प्रकल्पातल्या मुख्य तज्ज्ञाच्या) जागी तुमची निवड लगेच होणं अवघड. सुरुवात यूएन स्वयंसेवक, प्रकल्प सहायक किंवा छोट्या सल्लागार करारातून करा. बायोडेटात ‘न्यायसुधारणेची आवड’ न लिहिता किती फाइल तपासल्या, कुठला टप्पा मोजला, काय बदल सुचवला आणि तो झाला का, एवढं लिहा. दिवसाच्या दराने मिळणाऱ्या करारात भविष्यनिर्वाह निधी नसतो, दोन करारांमध्ये काही महिने रिकामे जातात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच निघा.

सनदेचं मात्र विसरू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की ज्या राज्य बार कौन्सिलच्या पटावर नाव आहे तिला कळवावं लागतं आणि तेवढा काळ वकिली बंद ठेवावी लागते. पुढे जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीचा विचार असेल, तर त्यासाठीच्या सात वर्षांच्या वकिलीत हा खंड मोठा अडसर ठरतो. तुमची चार झालीत. आधी उरलेली तीन पुरी करायची की आत्ताच निघायचं, हे पहिला अर्ज पाठवण्यापूर्वी ठरवा.