पाण्यावरचा पालक आणि नागपूरचे ऊन

प्रश्न : पारदर्शक टबात पाणी भरून, थर्माकोलच्या झाकणाला भोके पाडून मी गच्चीवर पालक लावला. फेब्रुवारीपर्यंत तो जोमात होता. एप्रिलमध्ये मात्र पाणी हिरवे झाले, मुळे तपकिरी व बुळबुळीत झाली आणि रोपांनी माना टाकल्या. युरियाही घालून पाहिला. काय चुकले?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या रचनेत मुळात खोट नाही, मोटारीविना चालणारी ही पद्धत हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांनी प्रचारात आणली. तीत पाणी जसजसे खाली उतरते तसतशी वरची मुळे हवेत उघडी पडून प्राणवायू घेतात, म्हणून टब पुन्हा काठोकाठ भरू नये. घोटाळा उजेडाचा आणि उन्हाचा आहे. पारदर्शक टबात प्रकाश शिरला की शेवाळ माजते. आणि आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की गच्चीवरचे पाणी सहज ३० अंशांपलीकडे जाते, त्यात प्राणवायू कमी विरघळतो, मुळे गुदमरतात आणि सडतात. टबाला बाहेरून आधी काळा व त्यावर पांढरा रंग द्यावा आणि तो पूर्वेच्या बाल्कनीत, हिरव्या जाळीखाली ठेवावा.

युरियाचे नाव सोडाच. त्याचे रोपांना सहज घेता येणारे नायट्रेट करणारे मातीतले जीवाणू या टबात जवळपास नसतात. हायड्रोपोनिक्ससाठी (मातीविना पाण्यातली शेती) मिळणारे दोन भागांचे खत आणावे व दोन्ही भाग पाण्यात एकामागून एक मिसळावेत. घट्ट असतानाच एकत्र केल्यास कॅल्शियमचा साका तळाशी बसतो. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचे माप) ५.५ ते ६.५ असावा. पालक आता दिवाळीनंतरच लावावा. उन्हाळाभर राजगिऱ्याची भाजी बरी.