एम-थ्री राहिलाय, वर्ष गेलंय, घरची जबाबदारी अंगावर आहे. तरीही रेस कारच्या एरोडायनॅमिक्समध्ये जाता येईल का?

तू लिहिलंयस की मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, दोनदा राहिला आणि त्यात वर्ष डाऊन झालं. गेल्या वर्षी वडील गेले. आई म्हणते, पुण्यात मिळेल ती नोकरी धर. आणि तुला शाळेपासून रेस कारच्या एरोडायनॅमिक्सचं, म्हणजे गाडीभोवती हवा कशी वाहते या शास्त्राचं, वेड आहे, ते सोडून द्यावं का, हा प्रश्न. तू माझ्यापेक्षा बराच लहान आहेस, म्हणून तूच म्हणते.

मी आज इंग्लंडमध्ये एका स्पोर्ट्स कार रेसिंग टीममध्ये एरोडायनॅमिक्सचं काम करते. ही फॉर्म्युला वनची टीम नाही. तिथे मी तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा नकार आला, एकदा तर शेवटच्या फेरीनंतर. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या मनात चुकीचं चित्र उभं राहणार नाही.

माझं घर कोल्हापूरचं. शिरोली एमआयडीसीत बाबांचा छोटा गाळा होता, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. दहावीनंतर डिप्लोमा केला आणि 2012 मध्ये इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला आले. डिप्लोमाच्या मुलांचं काय होतं ते तुला माहीत असेल. पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि समोर थेट एम-थ्री येतो. माझाही दोनदा राहिला, सोबत आणखी दोन विषय राहिले आणि वर्ष गेलं. त्या वर्षी मी लग्नांना जाणं बंद केलं होतं, कुणी "आता कितव्या वर्षाला?" विचारेल म्हणून.

एड्रियन न्यूई, फॉर्म्युला वनच्या गाड्यांचा नावाजलेला डिझायनर, हे नाव तुला सांगायला नको. तो शाळेतून काढून टाकलेला मुलगा. पुढे एका टेक्निकल कॉलेजातून डिप्लोमाच्या वाटेनेच साउदॅम्प्टन विद्यापीठात गेला आणि तिथलं गणित त्याला सुरुवातीला फार जड गेलं. 1980 मध्ये तो पहिल्या वर्गात पास झाला. शेवटच्या वर्षाचा त्याचा प्रोजेक्ट ग्राउंड इफेक्टवर होता, म्हणजे गाडीच्या तळाखालून जाणाऱ्या हवेवर. मला हे कळलं तेव्हा मी वर्ष डाऊनमध्ये घरी बसले होते. त्याने माझा एम-थ्री सुटला नाही, पण डिप्लोमावाल्याला हे जमत नाही हे मनातून गेलं.

आता मूळ गोष्ट. या कामाला काय लागतं ते मला 2016 मध्ये कॉलेजच्या मागच्या डांबरी रस्त्यावर कळलं.

विद्यार्थ्यांच्या रेस कार स्पर्धेसाठी आमच्या कॉलेजच्या टीमने पहिल्यांदाच गाडीला मागची विंग लावली होती आणि तिचं डिझाइन माझं होतं. मुख्य विंग आणि तिच्या मागे वर एक फ्लॅप, रुंदी 90 सेंटिमीटर. सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित, सांगत होतं की ताशी 60 किलोमीटरला विंगवर साधारण 20 किलोचा डाऊनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा जोर, येईल. हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 120 ला चौपट, 80 किलो. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत ट्रॅक वळणावळणाचा असतो, 120 क्वचितच लागतो, त्यामुळे त्या 20 किलोंवर आमची सगळी आशा होती. मी रंगीत चित्रांचं प्रेझेंटेशन केलं, सरांनी कौतुक केलं. स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना गाडी रस्त्यावर काढली, तर चालवणारा म्हणाला, विंग असून नसल्यासारखी आहे, वळणात मागची चाकं तशीच सुटतात.

मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, तुला जाणवत नसेल, आकडे माझ्याकडे आहेत.

दुसऱ्या दिवशी आईच्या विणकामाच्या पिशवीतून लाल लोकर आणली. बोटभर लांबीचे तुकडे करून विंगच्या खालच्या बाजूला ओळीने चिकटवले आणि मागच्या बाजूला फोन टेपने बांधून व्हिडिओ काढला. हवा पृष्ठभागाला धरून वाहत असेल तर धागे मागे सरळ पडून राहतात. आमचे मुख्य विंगखालचे धागे सरळ होते. फ्लॅपखाली मात्र, मधल्या 30-40 सेंटिमीटरमध्ये, ते वेड्यासारखे फडफडत होते आणि काही तर चक्क पुढच्या दिशेला वळले होते. हवा तिथे पृष्ठभाग सोडून गेली होती.

गाडी थांबवून व्हर्निअर लावला. मुख्य विंग आणि फ्लॅप यांच्यामध्ये जी फट ठेवतात, ती मी 10 मिलिमीटर काढली होती. दोन्ही टोकांना ती 10 होती. मधोमध 4. फायबर पातळ झालं होतं, फ्लॅप मध्ये खाली बसला होता. त्या फटीतून वरची जास्त दाबाची हवा खाली येते आणि खालच्या दमलेल्या हवेला नवा जोर देते, म्हणून तर फ्लॅप एवढा उभा ठेवता येतो. फट बुजली की तो जोर जातो. माझ्या सीएफडीतली विंग कधीच वाकत नव्हती, कारण मी तिला वाकायला सांगितलंच नव्हतं. गणित बरोबर होतं, फक्त ते आमच्या विंगचं नव्हतं.

त्या वेळी बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन चार महिने झाले होते. दिवाळीत आला होता. उजवा हात चालत नव्हता. संध्याकाळी गाळ्यावर गेले आणि त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि डाव्या हाताने खडूने टेबलावर एक छोटी पट्टी काढली. दीड मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मुख्य विंग आणि फ्लॅप दोघांनाही धरून ठेवणारा, फट ठरलेलीच राहील असा. स्टुलावर बसून ते सांगत होते आणि मी कापत होते. कडा घासताना मी घाई केली तर म्हणाले, "बोट फिरवून बघ, हवेला पण टोचंल ते." दोन पट्ट्या लावल्या, एक तृतीयांश अंतरावर एकेक. दुसऱ्या दिवशी धागे पडून राहिले. फॉर्म्युला वनच्या विंगवरही अशा उभ्या पट्ट्या फट राखायला असतात, हे मला नंतर कळलं. बाबांना ते माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. त्यांना पत्रा कळत होता.

हे एवढं लांबवून सांगितलं, कारण या धंद्याचा गाभा इथेच आहे. सीएफडी, विंड टनेल (मॉडेलवर हवा सोडून तपासायचा बोगदा) आणि ट्रॅक या तिघांचे आकडे एकमेकांशी जुळणं याला आम्ही कोरिलेशन म्हणतो, आणि दिवसातला बराच वेळ ते का जुळत नाहीत हे शोधण्यातच जातो. फॉर्म्युला वनमध्ये मर्सिडीजने 2014 ते 2021 सलग आठ वर्षं टीमचं विजेतेपद घेतलं. 2022 मध्ये नियम बदलले, तळाखालच्या हवेवर चालणाऱ्या गाड्या परत आल्या आणि त्यांची गाडी सरळ रस्त्यावर उड्या मारू लागली. त्या वर्षी त्यांना एकच शर्यत जिंकता आली, ब्राझीलची. जगातली उत्तम माणसं आणि उत्तम साधनं असूनही ट्रॅकवर काय होईल ते आधी नीट दिसलं नाही. शिवाय टनेल हवा तेवढा वेळ वापरताही येत नाही. फॉर्म्युला वनमध्ये मॉडेल जास्तीत जास्त 60 टक्के आकाराचं आणि हवेचा वेग सेकंदाला 50 मीटरपर्यंतच. 2022 पासून तर पहिल्या आलेल्या टीमला ठरलेल्या चाचण्यांच्या 70 टक्केच मिळतात आणि दहाव्या टीमला 115 टक्के. म्हणून टीमला असा माणूस हवा असतो, जो स्वतःच्या आकड्यावर आधी स्वतः संशय घेतो.

पुढचं भराभर सांगते. 2016 ला डिग्री झाली, कॅम्पसमधून नोकरी नाही. बाबांना गाळा जमत नव्हता, भाऊ लहान, म्हणून मी बसले गाळ्यावर. व्हॉल्व्हचे पार्ट टर्न करून द्यायचे, बिलं वसूल करायची. रात्री ओपनफोम हे सीएफडीचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शिकायचे. 2018 च्या पावसाळ्यात बाबा गेले.

त्यानंतर आठ महिने मी लॅपटॉपवर एकही मेश, म्हणजे सीएफडीसाठी हवेची जागा बारीक तुकड्यांत पाडणारी जाळी, उघडला नाही. तुझ्या प्रश्नातलं "आता त्यात मन लागत नाही" हे वाक्य मी तीन वेळा वाचलं, ते यासाठी. मला त्यातून कुठल्या निश्चयाने बाहेर काढलं नाही. कॉलेजच्या एका ज्युनिअरचा फोन आला, "ताई, फ्लॅपखालचे धागे उलटे फिरतायत." मी म्हटलं, मधली फट मोज. आणि मग दीड तास बोलत होते. फोन ठेवला तेव्हा कळलं की इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी गाळ्याच्या हिशेबाशिवाय कशावर तरी बोलले होते. तुझं मन लागत नसेल तर आत्ता लागू नये. त्याला वेळ दे. पण हेच वेड असलेल्या पोरांपासून तुटू नकोस.

2019 मध्ये गाळा तारण ठेवून कर्ज काढलं आणि इंग्लंडला एमएस्सीला आले. फी आणि राहणं मिळून 31 लाख लागले. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनने टनेल बंद, प्रोजेक्ट सगळा कॉम्प्युटरवर उरकावा लागला. शिक्षणानंतर थांबून काम करायचा ग्रॅज्युएट रूट व्हिसा सुरू झाला 1 जुलै 2021 ला आणि माझा स्टुडंट व्हिसा संपला त्याच वर्षीच्या जानेवारीत. पाच-सहा महिन्यांनी हुकलं. परत आले, डोक्यावर हप्ता. पुण्यात एका कंपनीत ट्रकच्या केबिनवरची हवा आणि एसीचे डक्ट यांचं सीएफडी करायला लागले. तेव्हा मला ती हार वाटली होती. प्रत्यक्षात कामाची शिस्त मला तिथेच लागली: मेश बदलला तर उत्तर किती हलतं हे तपासल्याशिवाय कुठलाही आकडा पुढे पाठवायचा नाही.

2023 मध्ये आत्ताच्या टीमने मुलाखतीला बोलावलं. मधल्या वर्षांबद्दल विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं, वडील आजारी होते, वर्कशॉप चालवलं. त्यांनी मान डोलावली आणि विषय संपला. पुढची चाळीस मिनिटं ते लोकरीचे धागे, 10 आणि 4 मिलिमीटर आणि बाबांच्या पट्ट्या यावर गेली. पट्ट्यांमुळे ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, किती वाढला असेल, फट 12 ठेवली असती तर काय झालं असतं, असं खोदून खोदून विचारत होते. वर्ष का गेलं हे कुणी विचारलंच नाही.

म्हणून माझं मत असं. आत्ता कर्ज काढून परदेशी जाऊ नकोस. घरात कमावणारं माणूस गेल्याला एक वर्ष झालंय, आईची भीती खरी आहे. डिग्री पूर्ण कर आणि पुण्यातलीच नोकरी बघ, पण मिळेल ती नाही, जिच्यात सीएफडी किंवा टेस्टिंग आहे ती. पुण्यात गाड्यांचं असं काम करणाऱ्या कंपन्या आहेत. आईलाही हे कळेल, कारण पगार घरी येणार आहे. कर्जाचं दोन-तीन वर्षांनी बघ. साउदॅम्प्टनला रेस कार एरोडायनॅमिक्सचीच एमएस्सी आहे, क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड ब्रुक्सला मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंग आहे. भारतातच राहायचं तर गेट देऊन आयआयटी किंवा बंगळुरूच्या आयआयएस्सीत एरोस्पेस कर. आयआयटी कानपूरला राष्ट्रीय विंड टनेल आहे, आणि हवेचं पक्कं शिक्षण झालेल्या माणसाने गाडी नंतर शिकली तरी चालते. ग्रॅज्युएट रूटची मुदत मास्टर्सनंतर दोन वर्षं होती, ती आता दीड वर्षावर आणायचं ठरलंय, तेव्हा जायच्या वेळी ब्रिटिश सरकारच्या साइटवर स्वतः वाच, एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस.

कॉलेजात फॉर्म्युला भारत किंवा सुप्रा या विद्यार्थ्यांच्या रेस कार स्पर्धांची टीम असेल तर त्यात शीर, पहिल्या वर्षी फायबर घासायला लागलं तरी. नसेल तर घरी ओपनफोमवर अहमद बॉडी सोडव. मागून तिरका कापलेला ठोकळा आहे तो. 1984 मध्ये अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या टनेल चाचण्या प्रसिद्ध केल्या, त्यामुळे ताडून बघायला खरे आकडे मिळतात. मागचा उतार 25 अंशांचा घे. तिथे हवा उताराच्या सुरुवातीला सुटते आणि पुन्हा चिकटते, आणि हवेच्या खळबळीचा अंदाज बांधणारी नेहमीची टर्ब्युलन्स मॉडेल्स नेमकी तिथेच चुकतात. तुझंही उत्तर चुकेल. किती चुकलं, कुठे चुकलं आणि तुला का वाटतं, हे चार पानांत लिही. नोकरीच्या अर्जाला ती चार पानं जोड. सुंदर रंगीत चित्रं सगळेच जोडतात.

आणि एम-थ्री. व्हेक्टर कॅल्क्युलसचं युनिट आधी घे. त्यातला कर्ल तू पाठ करून सोडवत असशील, मीही तसंच करायचे. वेगाच्या क्षेत्राचा कर्ल म्हणजे व्हर्टिसिटी, हवेचा प्रत्येक कण स्वतःभोवती किती आणि कुठल्या अक्षावर फिरतोय ते. पुढच्या विंगच्या टोकाला सुटणारा भोवरा मी रोज स्क्रीनवर बघते, तो याच गणितातून काढलेला असतो. डायव्हर्जन्स शून्य म्हणजे हवा कुठे साठत नाही आणि कुठे नाहीशीही होत नाही, जेवढी आत येते तेवढी बाहेर जाते. प्रत्येक गणिताआधी कागदावर बाण काढ, हवा कुठून कुठे जातेय ते, आणि मग सूत्र लाव. लाप्लासचं युनिट त्यानंतर घे. अडलं तर पायऱ्यांसकट इथेच लिही, रविवारी मी बघते.