खाली खाज सुटते, दाखवायचं कोणाला?

"खाली खाज सुटते, तर गायनॅककडे जायचं की स्किनवाल्याकडे?" हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक वेळा उठता उठता विचारतात. सुनंदामावशींना (नाव बदललं आहे) तर तो विचारायचाच नव्हता. धनकवडीत राहणाऱ्या, वय 58, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या. खोदून विचारल्यावर कळलं की मध्यरात्री खाज इतकी उठते की न्हाणीघरात जाऊन गार पाणी मारावं लागतं. दीड वर्ष हे चाललेलं आणि घरात सुनेलाही पत्ता नाही.

मेडिकलमधून ट्यूब आणून झाली होती. चार दिवस बरं, पुन्हा तेच. आपणच स्वच्छतेत कमी पडतो असं वाटून अँटीसेप्टिक घातलेल्या गरम पाण्याने रोज धुणं चालू होतं. एका दवाखान्यात फंगलच्या गोळ्याही मिळाल्या होत्या.

"मावशी, त्यांनी तपासून बघितलं का?"

"नाही हो ताई, मी तोंडीच सांगितलं. दाखवायचं कसं?"

घोडं इथेच पेंड खातं. या खाजेमागे फंगस असेल, साबणाची किंवा पॅडची ॲलर्जी असेल, नायटा, सोरायसिस, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा किंवा वाढलेली साखर असेल. सांगितलेल्या लक्षणांवरून यातलं नेमकं काय ते ओळखता येत नाही. म्हणून मी आधी एवढंच बघायला सांगते, की डॉक्टर तपासून मग औषध लिहितात का.

आता गायनॅक की स्किन. अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय, ओटीपोटात दुखतंय, किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. जांघेत कडा उठलेले गोल चट्टे आहेत, अंगावर इतरत्रही खाज आहे, घरात दुसऱ्या कोणाला आहे, तर त्वचारोगतज्ज्ञ. त्यांच्या पाटीवर 'गुप्तरोग' असतं म्हणून कितीतरी जणी जिन्यातूनच परत फिरतात. त्यांच्या पदवीतच त्वचारोग आणि गुप्तरोग हे दोन्ही विषय येतात, म्हणून ती पाटी. रांगेतल्या बहुतेकांना मुरुम नाहीतर केस गळतीच असते! खर्चाची अडचण असेल तर पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात दोन्ही ओपीडी एकाच आवारात आहेत. फोनवर नाव घेताना मावशींनी विचारावं असं मी लिहूनच दिलं: "बाईंच्या बाहेरच्या जागेच्या कातडीचे आजार डॉक्टर बघतात का? तपासताना लेडी डॉक्टर किंवा सिस्टर असतील का?" आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्यायला सांगितल्या.

लेडी गायनॅकने तपासलं, साखर बघितली. कातडी पांढरट, पातळ, चिरा पडलेली दिसली, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. छोटा तुकडा काढून तपासल्यावर निदान झालं, लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे कातडीचाच एक दीर्घकाळ चालणारा आजार. हा संसर्ग नाही, नवऱ्याकडून येत नाही, अस्वच्छतेनेही होत नाही. हे ऐकून मावशी रडल्या. दीड वर्ष त्या स्वतःलाच दोष देत होत्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

उपचार होता तीव्र स्टेरॉइड मलमाचा, तेव्हा त्या पुन्हा घाबरल्या, कारण मेडिकलच्या ट्यूबमध्येही स्टेरॉइडच होतं. फरक निदानाचा आहे. नायट्यावर तेच लावलं तर तो वरवर दबल्यासारखा दिसतो, पण पसरत जातो. या आजारात मात्र तेच मुख्य औषध आहे, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात आणि मुदतीत. अर्धवट सोडलं तर कातडी आकसत जाऊ शकते. काही थोड्या जणींमध्ये पुढे त्या जागी कॅन्सरचा धोका असतो, म्हणून खाज थांबल्यावरही नेमाने तपासणी लागते, आणि न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर तारखेची वाट न बघता जायचं असतं.

मावशींची झोप काही आठवड्यांत सुधारली. आता तपासणीला सून सोबत जाते.